लॉर्ड कार्डिगन आणि आमच्या मातोश्री

जगात स्वेटर घालणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक थंडी वाजते म्हणून घालणारी आणि दुसरी मुंबईकर. आम्ही नाशिकचे, म्हणजे पहिल्या प्रकारातले. दर डिसेंबरात वर्तमानपत्रात निफाडचा पारा छापून येतो, तो वाचून पुण्याचे लोक हळहळतात आणि आम्हाला उगाचच स्वतःचं काही कर्तृत्व असल्यासारखं वाटतं. तेव्हा स्वेटर या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो. बाकी माझी पात्रता म्हणाल तर बी.कॉम. आणि बँकेतली चोवीस वर्षं कारकुनी.

प्रकरण सुरू झालं ते एका फोटोवरून. दिवाळीची साफसफाई करताना आमच्या कन्येला पत्र्याच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. मागे वडिलांच्या अक्षरात 'डिसें. 1986' एवढंच. वाड्याच्या पायरीवर आई उभी आहे. अंगावर रोजचंच पाचवारी लुगडं, आणि त्यावर हा एवढा जाडजूड, मांडीपर्यंत आलेला, दुमडलेल्या कॉलरचा, बटणं नसलेला, कमरेला पट्टा बांधलेला लोकरीचा कार्डिगन. हात खिशात. चेहऱ्यावर असा भाव की गोदाघाटावर भाजी आणायला नाही, तर आत्ताच लंडनहून चार वाजताच्या बोटीनं उतरली आहे.

"बाबा, हे कसलं रेट्रो आहे!" कन्या म्हणाली.

आमच्या लहानपणी ज्याला 'जुनाट' म्हणत त्याला हल्ली 'रेट्रो' म्हणतात आणि दुप्पट पैसे घेतात, एवढं मला कळतं. तिनं मोबाइलवर तसल्याच एका कार्डिगनची किंमत दाखवली. ती पाहून मी पहिल्यांदा दशांश चिन्ह शोधलं. ते नव्हतं.

"विकत कशाला आणायचा?" आई खाटेवरून म्हणाली. "मी सांगते. हा विणेल."

हा म्हणजे मी. सौभाग्यवतींनी ताबडतोब, "अहो, खरंच की! नाहीतरी शनिवारी-रविवारी तुम्ही करता काय?" असं म्हणून ठराव अनुमोदनासह मंजूर करून टाकला. आईनं स्वतः विणायचा प्रश्नच नव्हता. वय चौऱ्याहत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्याला हरकत नाही, ती न बघताही विणायची. पण बोटं संधिवातानं वाकडी झालीत. सुई धरली की पाचव्या टाक्याला हात थांबतो. ती काही बोलत नाही, सुई नुसती उशाशी ठेवून देते.

त्यामुळे मी सुया हातात घेतल्या. मधल्या सुट्टीत दोन ओळी होतील म्हणून डब्याच्या पिशवीतून बँकेत नेल्या आणि तिथे घात झाला. आपल्याकडे हिंदी सिनेमानं विणकामाचं एक फार मोठं नुकसान करून ठेवलं आहे. नायिका आरामखुर्चीत बसून एवढासा पायमोजा विणताना दिसली की नायकानं विचारायचं, "सच?" आणि तिनं मान खाली घालायची. या शिक्षणावर वाढलेल्या आमच्या शिपायानं माझ्या हातातल्या सुया पाहिल्या आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "साहेब, घरी काही गोड बातमी?" कॅशिअर तर आठवडाभर माझ्याशी बोलताना 'वहिनी' म्हणत होता.

अपमान झाला की काही माणसं व्यायामाला लागतात, काही निवडणुकीला उभी राहतात. मी इतिहासाकडे वळलो. म्हटलं, पुरुषानं विणलेलं जगात कुठेतरी असेलच. आणि काय सांगू तुम्हाला, त्या इतिहासात शिरल्यावर मला जे सापडलं त्यानं कॅशिअरचं तोंड कायमचं बंद झालं. कारण युरोपात एके काळी हा धंदाच पुरुषांचा होता. पंधराव्या-सोळाव्या शतकांत शहराशहरांतून विणकऱ्यांचे संघ होते, त्यांत पुरुष उमेदवारी करायचे. काही ठिकाणी तर तीन वर्षं गुरूच्या हाताखाली शिकायचं, तीन वर्षं गावोगाव फिरून काम करायचं आणि मग परीक्षा. परीक्षेत टोपी, सदरा, मोजे आणि वर एक वेलबुट्टीचा गालिचा विणून दाखवायचा. आमच्या खात्यातल्या प्रमोशनच्या परीक्षा मी तीनदा नापास झालो आहे, पण त्यांत गालिचा नव्हता, हे मला मान्य करायला हवं.

त्याच्याही मागे गेलं तर इजिप्त लागतं. तिथे वाळूत ख्रिस्तोत्तर चौथ्या-पाचव्या शतकातले तांबडे मोजे सापडले, ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मोज्याला अंगठा वेगळा. म्हणजे चपलेत घालता यावेत म्हणून! नाशिकच्या थंडीत मोज्यावर चप्पल घालून दूध आणायला जाणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून भरून आलं. तज्ज्ञ मंडळी मात्र म्हणतात की ते मोजे दोन सुयांवर विणलेले नाहीत, एकाच सुईनं दोरा ओवून ओवून केलेले आहेत. खऱ्या दोन सुयांच्या विणीचे जुने नमुने त्यानंतर काही शतकांनी त्याच इजिप्तमध्ये सापडतात, निळे-पांढरे सुती मोजे. मग हा प्रकार स्पेनमध्ये दिसतो. तिथला एक राजपुत्र 1275 साली वारला, त्याच्या थडग्यात विणलेल्या उशा निघाल्या. पुढे चौदाशेच्या सुमारास एका जर्मन चित्रकारानं चक्क मेरीमाता चार सुयांवर बाळाचा सदरा विणते आहे असं चित्र काढलं. म्हणजे बाळंतविडा स्वतः विणायचा ही पद्धत फारच जुनी म्हणायची.

आपल्याकडे लोकर नवी नव्हती. धनगराच्या घोंगड्यानं महाराष्ट्राची निम्मी थंडी आणि सगळा पावसाळा काढला. पण घोंगडं मागावरचं. दोन सुया घेऊन टाक्यात टाका घालणं आपल्याकडे साहेबाच्या मडमांनी आणि मिशनच्या शाळांनी पसरवलं, आणि आपण ते इतकं आपलंसं केलं की त्यासाठी नवा शब्दसुद्धा काढला नाही. पैठणीही 'विणतात', बाजही 'विणतात', आणि स्वेटरही 'विणतात'. मराठी भाषा काटकसरी आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. कार्डिगन हे एका माणसाचं नाव आहे.

जेम्स ब्रुडनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल. जन्म 1797. घरी अमाप पैसा आणि डोक्यात अमाप घोडा. त्या काळी इंग्लंडच्या सैन्यात बढती विकत मिळायची. राजरोस, दरपत्रकाप्रमाणे. या गृहस्थानं अकराव्या ड्रगून पलटणीचं नेतृत्व घेतलं तेव्हा चाळीस हजार पौंड मोजल्याची बोलवा होती. म्हणजे मी ज्या परीक्षेत तीनदा आपटलो तिची या माणसानं सरळ फी भरून पावती घेतली. पलटण तेव्हा हिंदुस्थानात होती. साहेब सावकाश 1837 साली इकडे आले, थोडे दिवस शिस्तीचा जाच केला आणि पलटणीबरोबर परत गेले. पुढे याच पलटणीला त्यानं लालचुटुक तुमानी चढवल्या, सोनेरी कलाबतू लावली, स्वतःच्या खिशातून वर्षाला हजारो पौंड कपड्यांवर ओतले. घोड्यावर बसताना शिपायाला वाकता येतं का, हा विचार मात्र कुणी केला नाही, इतक्या त्या घट्ट.

1840 साली यानं द्वंद्वयुद्धात एका माजी अधिकाऱ्याला गोळी घातली. माणूस वाचला, पण खटला उभा राहिला, आणि उमराव म्हणून तो खुद्द हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर चालला. फेब्रुवारी 1841. आता बँकवाल्यांनी कान टवकारून ऐका. आरोपपत्रात जखमी माणसाचं नाव होतं हार्वे गार्नेट फिप्स टकेट. पुराव्यात आलेल्या कार्डावर होतं नुसतं कॅप्टन हार्वे टकेट. बचावाचा वकील म्हणाला, ज्याला गोळी लागली तो हाच कशावरून? आणि लॉर्ड कार्डिगन निर्दोष सुटला! खात्यावर 'रामचंद्र दत्तात्रय' आणि चेकवर 'आर. डी.' असलं म्हणून मी आजवर ज्यांचे चेक परत केले त्या सर्वांनी मला शिव्या दिल्या आहेत. त्यांनी हा खटला वाचावा. नाव न जुळण्याचा फायदा जगात फक्त एकाच माणसाला झाला. क्लीव्हलंडचा ड्यूक तेवढा 'निर्दोष' म्हणताना 'कायद्यानं' असा एक शब्द पुढे जोडता झाला. असा एक माणूस प्रत्येक शाखेत असतो आणि त्याची बदली होते.

मग आलं क्रिमियाचं युद्ध. 1854. सैन्य तंबूत थंडीनं आणि कॉलऱ्यानं मरत होतं आणि आपले लॉर्डसाहेब बालाक्लाव्हाच्या बंदरात स्वतःच्या नौकेवर झोपत, जेवत आणि सकाळी उशिरा हपिसाला यावं तसे युद्धाला येत. 25 ऑक्टोबर 1854 रोजी हुकूम आला. हुकूम देणारा लॉर्ड रॅग्लन वर डोंगरावर, त्याला सगळं दिसतंय. हुकूम घेणारा लॉर्ड ल्यूकन खाली दरीत, त्याला काहीच दिसत नाही. आणि ल्यूकन हा कार्डिगनचा मेव्हणा, दोघांत विस्तव जात नाही. तोफा पकडा, म्हणे. कुठल्या तोफा? चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलननं हात हवेत कुठेतरी केला. हेड ऑफिसचं परिपत्रक वाचायची ज्यांना सवय आहे त्यांना या प्रसंगाचं मुळीच आश्चर्य वाटणार नाही. कार्डिगननं शंका काढली की त्या दरीत समोर तोफा आहेत, दोन्ही बाजूंना तोफा आहेत. ल्यूकन म्हणाला, वरचा हुकूम आहे. आणि सुमारे 670 घोडेस्वार सरळ तोफांच्या तोंडात गेले. शंभरावर मेले, त्याहून जास्त जखमी झाले. घोडे तर साडेतीनशेच्या वर गेले. नोलन पहिल्याच माऱ्यात पडला. सगळ्यांच्या पुढे असलेला कार्डिगन तोफांपर्यंत जाऊन परत आला, धडधाकट, आणि नौकेवर जाऊन आंघोळ करून शँपेन घेऊन झोपला. टेनिसननं त्याच वर्षी या हल्ल्यावर कविता लिहिली आणि ती पुढे शंभर वर्षं शाळेतल्या मुलांकडून पाठ करून घेतली गेली.

हा माणूस थंडीत गणवेशाखाली किंवा वर एक लोकरी, पुढून उघडा जाकिटासारखा कपडा घालायचा असं सांगतात. इंग्लंडात तो हीरो ठरला, दुकानदारांनी कपड्याला त्याचं नाव देऊन टाकलं. अंगावरून डोक्यातून ओढायचा नाही, केस विस्कटत नाहीत, पुढून घालायचा नि पुढून काढायचा. पुढे हा उमराव 1868 साली घोड्यावरून पडून वारला. तोफांनी नाही ते घरच्या घोड्यानं केलं.

आणि एवढ्यावर थांबत नाही. हुकूम देणारा जो लॉर्ड रॅग्लन, त्याचा उजवा हात 1815 साली वॉटर्लूला गेला होता. खांद्यावर शिवण न घेता थेट गळ्यापर्यंत तिरकी जाणारी जी बाही असते तिला 'रॅग्लन' म्हणतात, ती याच्या नावानं. आणि बालाक्लाव्हा? त्या थंडीत इंग्लंडातल्या बायकांनी शिपायांना विणून पाठवलेल्या, डोकं, कान, मान झाकून फक्त तोंड उघडं ठेवणाऱ्या टोपीला साहेब 'बालाक्लाव्हा' म्हणतो. आपण तिला माकडटोपी म्हणतो. म्हणजे पहाटे गंगापूर रोडवर कार्डिगन घालून, माकडटोपी चढवून फिरायला निघालेले जे पेन्शनर आपण बघतो, ते वास्तविक अख्खं क्रिमियाचं युद्ध अंगावर घालून निघालेले असतात. एका लढाईनं इंग्लंडला काय मिळालं हा इतिहासकारांचा वाद आहे. माझ्या मते दोन कपडे आणि एक बाही.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मेलेल्यांची यादी कर, पण आधी सुलट-उलट नीट कर."

तर विणकाम. जगातलं सगळं विणकाम दोन टाक्यांत संपतं: सुलट आणि उलट. बॅलन्सशीट जशी जमा आणि नावे या दोन बाजूंत संपते तशी. हे कळल्यावर मी निर्धास्त झालो, आणि इथेच चुकलो. जमा आणि नावे ठाऊक असलेले किती जण तुरुंगात आहेत!

आईजवळ नमुन्याचा कागद होता. कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं फाडलेलं पान, घडीवर फाटलेलं, हळदीचा एक डाग पडलेलं. त्यात आज्ञा अशा: 'के-टू, पी-टू.' 'के' म्हणजे सुलट, 'पी' म्हणजे उलट. आई मराठी सातवी. त्या काळी वडील संध्याकाळी हे पान मोठ्यानं वाचायचे आणि ती विणायची. मला लहानपणी वाटायचं की ते गिर्यारोहणाविषयी काहीतरी वाचताहेत. मधेच 'पी-एस-एस-ओ' यायचं. आमच्याकडे एनईएफटी, आरटीजीएस, केवायसी असलं काय काय आहे, पण पी-एस-एस-ओ ऐकून मलासुद्धा विभागीय कार्यालयातला एखादा नवा साहेब असावा असं वाटलं होतं. अर्थ एवढाच, की न विणता घेतलेला टाका विणलेल्या टाक्यावरून उडवून टाकायचा. आई त्याला 'पोराला कडेवरून उतरवणं' म्हणते.

सुयांचे नंबर आणखी एक लबाडी. जुन्या इंग्रजी नंबरात आठ नंबरची सुई जाड, चार मिलिमीटरची, आणि दहा नंबरची तिच्याहून बारीक, सव्वातीन मिलिमीटरची. नंबर वाढला की सुई बारीक होते. मिलिमीटरमध्ये बरोबर उलटं. मी दुकानात जाऊन 'चार नंबर' मागितली, तर दुकानदारानं सहा मिलिमीटरचा सोटा हातात ठेवला. त्यावर स्वेटर नाही, मासे धरायचं जाळं झालं असतं.

आता हिशेब, म्हणजे माझा प्रांत. डबल निटिंग लोकर चार मिलिमीटरच्या सुईवर विणली की साधारण चार इंचांत बावीस टाके बसतात आणि अठ्ठावीस ओळी. म्हणजे इंचाला साडेपाच टाके, सात ओळी. पाठ वीस इंच रुंद, तेव्हा एकशे दहा टाके. उंची पंचवीस इंच, एकशे पंच्याहत्तर ओळी. गुणाकार एकोणीस हजार अडीचशे. नुसती पाठ! बगलेला काही टाके कमी होतात, पण मग दोन पुढचे भाग, दोन बाह्या, कॉलर, खिसे, पट्टा. मी हा गुणाकार कागदावर करून आईला दाखवला. तिनं कागदाची घडी घालून खाटेच्या पायाखाली ठेवली. खाट डुगडुगत होती.

आधी चार इंचांचा चौकोनी तुकडा विणून टाके मोजायचे असतात. मी ते केलं नाही. बँकेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसानं नमुना सही न तपासता पैसे दिल्यासारखं झालं. माझा हात सैल. इंचाला साडेपाचऐवजी पाचच टाके बसले. अर्धा टाका! पण एकशे दहा टाक्यांना पाच लावले की पाठ वीसऐवजी बावीस इंच. पुढूनही तेवढंच वाढणार, म्हणजे घेर चार इंचांनी जास्त. साठ ओळी झाल्यावर हे लक्षात आलं. मी म्हटलं, "चालेल गं, पट्टा आहे ना? आवळला की झालं." आई म्हणाली, "उसव."

उसवण्याचा वेग हा विणण्याच्या वेगाशी अन्याय्य आहे. तीन आठवडे बारा मिनिटांत गेले. उसवलेली लोकर शेवयांसारखी नागमोडी होते, तिची लड करून वाफ द्यावी लागते, मग ती सरळ होते. सौभाग्यवतींनी इडलीपात्र दिलं, पण चेहरा असा केला की त्यात पुन्हा इडली होणार नाही हे मी समजलो.

मशीनवर का विणत नाहीत लोक, असा प्रश्न त्या रात्री मला पडला. तर मशीनही जुनं आहे. विल्यम ली नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं 1589 साली मोजे विणायचं यंत्र केलं. सांगतात की राणी एलिझाबेथनं त्याला हक्कपत्र द्यायला नकार दिला, माझ्या गरीब विणकऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून. बिचारा फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. आमच्याकडे 1984 साली रंगराजन समितीनं बँकांत यंत्रं आणायची शिफारस केली तेव्हाही हीच भाषा झाली होती, असं निवृत्त मंडळी सांगतात. फाटकाबाहेर घोषणा वगैरे. यंत्रं आली ती आलीच. विणायचीही आली. कानपूरची लोकर गिरणी 1876 सालची, पुढे लुधियान्यानं होजिअरीचा बाजार व्यापला. आणि 1959 नंतर तिबेटातून आलेले निर्वासित हिवाळ्यात गावोगावच्या फुटपाथांवर स्वेटर घेऊन बसू लागले. आपण त्यांच्याकडून 'हातचं' म्हणून घासाघीस करून घेतो ते बहुतेक लुधियान्याच्या यंत्रावरचं असतं. हातानं विणणं हा धंदा राहिला तो फक्त ज्यांचं हाताशिवाय काही नव्हतं त्यांचा.

पट्ट्याचा इतिहासही शोधला, कारण कन्येचा जीव पट्ट्यात. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विलायती बायका गोल्फ वगैरे खेळायला लागल्या तेव्हा त्यांनी विणलेले लांब कोट घातले, कमरेला पट्टा. त्या आधी बाईचं कंबरडं कॉर्सेटमध्ये आवळलेलं असे. पट्टा स्वतः बांधायचा आणि स्वतः सोडायचा, ही तेव्हाची मोठीच चैन. शॅनेलबाईनं म्हणे जुनी जर्सी डोक्यातून ओढायचा कंटाळा म्हणून पुढून कापली आणि वर फीत बांधली. 1962 साली मर्लिन मन्रोचे सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर जॉर्ज बॅरिसनं फोटो काढले, त्यांत ती असाच जाड, पट्ट्याचा कार्डिगन घालून वाळूत बसली आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. आणि 1975 ते 79 'स्टार्स्की अँड हच' नावाच्या अमेरिकन मालिकेतला एक डिटेक्टिव्ह तसलाच नक्षीदार पट्टेवाला कार्डिगन घालून चोरांच्या मागे धावायचा. मग घरोघरच्या आयांना तो विणावा लागला.

हे मी कॅशिअरला ऐकवलं. "डिटेक्टिव्ह घालायचा," म्हटलं. तो म्हणाला, "घालायचा ना? विणत नव्हता ना?" काही लोकांपुढे इतिहासाचा उपयोग नाही.

डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मधली ती मादाम दफार्ज त्याला मी मुद्दामच सांगितली नाही. ती बाई दारूच्या दुकानात बसून विणते आणि प्रत्येक टाक्यात गिलोटिनला द्यायच्या माणसांची नावं नोंदवते. विणलेलं लेजर! आणि त्याच कादंबरीत एक बँक आहे, टेल्सन्स, आणि तिचा एक इमानी म्हातारा कारकून. 1859 साली छापलेल्या पुस्तकात लोकर आणि बँक एकत्र आलेली पाहून मला आपण कुणीतरी असल्यासारखं वाटलं. शिवाय माझ्याही मनात एक यादी तयार होत होती. तीत कॅशिअर पहिला होता.

पुन्हा टाके घालायच्या आदल्या रात्री मी फोटो समोर ठेवून आईला विचारलं, "तुझा हा किती टाक्यांचा होता?"

"माझा कुठला?"

"हा. फोटोतला."

"तो माझा नव्हे रे," आई म्हणाली. "देवळाली कॅम्पातल्या एका मेजरच्या बाईचा. त्यांची बदली काश्मीरकडे निघाली होती. कागद त्यांचा, लोकर त्यांची. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. शेजाऱ्यांकडे कॅमेरा आला होता, तुझे वडील म्हणाले, घाल एकदा. घातला दहा मिनिटं. बटणं नव्हती ते बरं, पट्टा बांधला नि सोडला. तरी घडी मोडली म्हणून रात्री इस्त्री केली, ओलं फडकं ठेवून."

मी गप्प बसलो. आई ऑर्डरीचं विणायची हे मला ठाऊक होतं. वडिलांचा पगार वीस तारखेपर्यंत पुरायचा, पुढचे दहा दिवस सुयांवर. माझी फीसुद्धा त्यातूनच जायची, तेही ठाऊक होतं. पण या फोटोकडे आम्ही सगळे इतकी वर्षं 'आईचा स्वेटर' म्हणून बघत आलो. तिनं कधी दुरुस्ती केली नाही.

"मजुरी किती मिळाली?" मी विचारलं. कारकुनाला दुसरं काय सुचणार?

"साठ रुपये. आणि उरलेली लोकर वजन करून परत दिली. त्या म्हणाल्या ठेवा, पण मी दिली. मग उगाच बोलायला नको."

"आणि कागद?"

"कागद त्या विसरल्या," आई म्हणाली, आणि हसली. अडतीस-एकोणचाळीस वर्षं तो कागद तिनं जपून ठेवला, एकदाही त्यावरून स्वतःसाठी विणला नाही. लोकर किती लागते! पाचशे-सहाशे ग्रॅम. त्यात आम्हा तिघांचे हातमोजे, टोप्या आणि बिनबाह्यांचे स्वेटर व्हायचे. झालेच.

सकाळी मी टाके घातले. हात आता सुधारला होता, इंचाला साडेपाच. तरी एकशे दहा घातले नाहीत. नव्व्याण्णव घातले. नव्व्याण्णव भागिले साडेपाच म्हणजे अठरा इंच. कन्या उंच आणि खांद्यानं रुंद, तिला अठरा इंचांत काही होणार नाही. आई आता एवढीशी झाली आहे. तिचं माप मी ती झोपली असताना घेतलं, सौभाग्यवतींनी टेप धरला. चोरून तिजोरी मोजल्यासारखं वाटत होतं.

आईनं दहाव्या ओळीलाच पकडलं. पाठीवरून बोट फिरवत गेली आणि म्हणाली, "अकरा टाके कुठे गेले?"

"हिशेब चुकला असेल," मी म्हटलं.

"तुझा?"

मी सुलट-उलटात मान घातली. ती काही बोलली नाही. उसव म्हणाली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बगलेला चार टाके कमी कर. मला तिथे टोचतं."

हे नोव्हेंबरातलं. आता मार्च लागला, ताळेबंदाचे दिवस, घरी यायला रात्रीचे नऊ होतात. पाठ झाली, पुढचे दोन्ही झाले, बाह्या रॅग्लनच केल्या, त्या एकहाती म्हाताऱ्याला स्मरून. कन्येनं सगळं पाहून फक्त एवढंच म्हटलं की आजीचा झाला की फोटोसाठी मला दहा मिनिटं घालायला द्या. राहिला पट्टा. पट्टा साधा सुलट विणला तर कडा आत वळतात आणि त्याची सुरळी होते, म्हणून एक सुलट, एक उलट, आणि परतताना उलट्यावर उलट, अशी खडबडीत वीण घालायची. आई तिला साबुदाण्याची वीण म्हणते. सुई बारीक, दहा नंबर, नाहीतर पट्टा ओढून ओढून लांबत जातो. तेरा टाके, इंचाला साधारण आठ ओळी. आईच्या कमरेला बावन्न इंच पुष्कळ झाले असते, गाठीसकट. पण परवा बावन्न झाले म्हणून मी टाके बंद करायला लागलो, तर ती खाटेवरून म्हणाली, "साठ कर. तिला ताणून का होईना, पण कधीतरी घालावासा वाटेल."

आठ इंच म्हणजे चौसष्ट ओळी. आठशे बत्तीस टाके. एकतीस मार्चच्या आत होत नाहीत.